मानमोडी आणि मृत्यूची नोंदवही

१९१८ च्या इन्फ्लुएंझाला मराठी मुलखात ‘मानमोडी’ म्हणत. त्या साथीत मुंबई म्युनिसिपालिटीच्या आरोग्य खात्याने काय केले, हे वाचताना मला एका बाजूला त्याची हतबलता दिसते आणि दुसऱ्या बाजूला त्याची चिकाटीची नोंद.

हे खाते साथींना नवखे नव्हते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उघडकीस आला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. घरांची झडती घेणे, रोगी वेगळे काढणे, खोल्या धुऊन चुना मारणे, उंदीर मारणे, हे सारे खात्याच्या अंगवळणी पडले होते. मानमोडीपुढे यातले काहीच चालेना. ती श्वासावाटे पसरत होती आणि तिचा विषाणू माणसात सापडायला १९३३ साल उजाडावे लागले.

१० जून १९१८ रोजी गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. पुढे वाद पेटला. आरोग्य अधिकारी टर्नर म्हणत, मेअखेरीस बंदराला लागलेल्या जहाजाने रोग आणला. सरकारी बाजू म्हणे, जहाजावरच्या लोकांनाच तो मुंबईत लागला. खापर कोणाच्या माथी फोडायचे हे ठरेपर्यंत रोग शहरभर झाला होता.

जुलैनंतर साथ ओसरली आणि सप्टेंबरात अधिक मारक होऊन परतली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ माणसे दगावली. पाऊस रुसला होता, धान्य महागले होते, अनेक डॉक्टर महायुद्धावर गेले होते. चाळींतून औषध पोचवण्याचे बरेचसे काम स्वयंसेवी संस्था आणि जातिसमाजांच्या मंडळांनी उचलले.

मरणाची नोंद मात्र होत राहिली, तीही समाजवार. त्या नोंदींवरून निघालेले दर हजारी मृत्यूंचे आकडे असे: युरोपीय ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२ आणि त्या काळच्या भाषेत ‘खालच्या जातींचे’ हिंदू ६१.६.

शेवटच्या आकड्यापुढे मी दर वेळी थांबतो. विषाणूला जात कळत नाही. मग एकाच शहरात, एकाच हवेत हा सातपटीहून मोठा फरक कुठून आला? एका खोलीत सारे घर तापाने पडले तर पाणी कोण देणार? रोजंदारी बुडाली तर पेज कशाची शिजणार? लोकांच्या अज्ञानाला दोष देणे तेव्हा सोपे होते. आकडे मात्र खोलीकडे, पोटाकडे आणि बहिष्काराकडे बोट दाखवतात.

मार्च २०२० मध्ये कोविडसाठी तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर निघाला. रोज आकडे जाहीर होत होते. त्यांत जिल्हे होते, वयोगट होते, जातीचा रकाना नव्हता. वसाहतीच्या राज्याने तो रकाना काही समतेच्या ओढीने ठेवला नव्हता. तरीही त्यामुळेच शंभर वर्षांनी आपल्याला विचारता येते की ती साथ कोणाच्या दारी अधिक वेळा आली. कोविडबद्दल हाच प्रश्न आपली नातवंडे विचारतील, तेव्हा त्यांना कोणती वही दाखवणार?