होडीवरची बंदूक आणि नियमातला अपवाद

कोणताही कायदा हाती आला की मी त्यातील अपवाद आधी वाचतो. मनाई कशाला आहे हे कलमाच्या पहिल्या ओळीतच समजते. मोकळीक कोणाला आहे हे मात्र ‘खेरीज’, ‘वगळून’, ‘परंतु’ या शब्दांपाशी थांबल्यावाचून उमगत नाही. पाणपक्ष्यांच्या शिकारीचा इतिहास या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. भिलाईसारख्या तलावांच्या मुलखात राहणाऱ्या मराठी वाचकांना तर तो अगदी जवळचा वाटावा.

या इतिहासातील सर्वांत अजस्र हत्यार म्हणजे ‘पंट-गन’. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड आणि अमेरिकेच्या खाड्यांमध्ये, दलदलींमध्ये ते वापरात होते. पंट म्हणजे सपाट तळाची, उथळ पाण्यात चालणारी छोटी होडी. तिच्यावर दहा फूट किंवा त्याहून लांब, मणभर वजनाची बंदूक बसवलेली असे. काहींच्या नळीचा व्यास दोन इंचांपर्यंत जाई. आपल्या परिचयाच्या बारा बोअरच्या काडतुसात साधारण ३० ग्रॅम छर्रे असतात. पंट-गनच्या एका बारात सुमारे एक पौंड, म्हणजे ४५० ग्रॅम छर्रे सुटत. ही बंदूक खांद्याला लावणे अशक्यच. शिकारी होडीत पालथा पडून हातवल्ह्यांनी हळूहळू थव्याजवळ सरके आणि नेम धरण्यासाठी बंदुकीऐवजी होडीच वळवी. बार उडाला की धक्क्याने होडी मागे सरकत असे. एकाच बारात पन्नास पक्षी पडू शकत. हा बहुतांशी हौसेचा खेळ नव्हता. शहरांच्या बाजाराला मांस पुरवणाऱ्यांचा तो धंदा होता.

बंदोबस्त कसा झाला? अमेरिकेत काही राज्यांनी आधी हे हत्यार निषिद्ध केले, पण मागणी टिकून होती तोवर पुरवठाही टिकला. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या पक्ष्यांची राज्याबाहेर वाहतूक रोखली आणि १९१८ च्या स्थलांतरी पक्षी कायद्याने विक्रीवरच बंदी आली. त्याखालील नियमांनी दहा बोअरपेक्षा मोठ्या बंदुकीलाही मनाई केली. ब्रिटनने निराळी वाट धरली. तेथील १९८१ चा कायदा पावणेदोन इंचांहून अधिक व्यासाच्या नळीला मनाई करतो. त्याहून लहान नळीची पंट-गन तेथे आजही परवान्यानिशी चालते. मनाईच्या पोटात मोकळीक राहते ती अशी.

आता आपल्याकडे वळू. १८८७ च्या वन्य पक्षी संरक्षण कायद्याने स्थानिक संस्थांना विणीच्या हंगामात नुकत्याच मारलेल्या पक्ष्यांच्या विक्रीवर बंधन घालण्याचा अधिकार दिला. १९१२ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना ‘बंद हंगाम’ जाहीर करण्याची मुभा दिली. त्याच्या परिशिष्टात बदकेही होती. विणीच्या हंगामात शिकार नको, हे तत्त्व उत्तमच. हळदीकुंकू बदक किंवा अडई येथेच, मुख्यतः पावसाळ्याच्या सुमारास वीण करतात. त्यांना याचा लाभ झाला. परंतु तलवार बदक, थापट्या हे हिवाळी पाहुणे. त्यांची वीण मध्य आशियात आणि सायबेरियात होते. ते येथे असतात तेव्हा हंगाम खुला, आणि हंगाम बंद होई तेव्हा ते येथे नसत! अपवाद न लिहिताही अपवाद घडला.

त्याचे टोक भरतपूरला दिसते. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. त्यासाठी राक्षसी नळीची गरज लागली नाही. पाहुण्यांची यादी आणि खांद्यावरच्या बंदुका पुरल्या. तो आकडा आजही तेथील दगडी फलकावर वाचता येतो. १९५६ साली तेथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले, पण महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत शाबूत राहिला.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यासाठी ठराव करणाऱ्या अकरा राज्यांत मध्य प्रदेश होता, आणि भिलाई तेव्हा मध्य प्रदेशातच. या कायद्याचे मूळ १७ वे कलम शिकारीच्या पद्धतींवर बंधने घालणारे होते. पाणवठ्यावर शिकार करू नये, पण पाणपक्षी व पखुर्डी यांचा अपवाद. कुत्र्यांच्या साहाय्याने शिकार करू नये, पण पाणपक्षी, चकोर, तितर, लावा यांचा अपवाद. बदके चौथ्या अनुसूचीत, म्हणजे ‘लहान शिकार’ या वर्गात होती आणि त्यांच्यासाठी परवाना मिळत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ते कलम गेले आणि अनुसूचींतील प्राण्यांच्या शिकारपरवान्याची वाटही बंद झाली.

मग प्रश्न मिटला का? बंदुकीचा बराचसा मिटला, पाण्याचा नाही. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांची व्याख्या पाहा. तीत नद्यांची पात्रे, भातखाचरे, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि खास सिंचनासाठी उभारलेली बांधकामे वगळली आहेत. भिलाईच्या पोलाद कारखान्याला पाणी पुरवणारा तांदुला जलाशय सिंचनासाठीच बांधलेला. शेजारच्या बेमेतरा जिल्ह्यात गिधवा-परसदा येथे २०२१ साली पक्षिमहोत्सव झाला, त्या गावांची कीर्तीही तळ्यांमुळेच. पक्षी उतरताना तलाव कोणत्या खात्याने कशासाठी बांधला हे पाहत नाहीत. आपली व्याख्या नेमके तेच पाहते.

व्याख्येतून वगळले म्हणजे काहीच करता येत नाही, असे मात्र नव्हे. हिवाळ्यात जलाशयाची पातळी किती ठेवायची, मासेमारीचा ठेका देताना कोणत्या अटी घालायच्या, तळ्याच्या काठावरचे अतिक्रमण कधी हटवायचे, हे निर्णय जलसंपदा विभागात, ग्रामपंचायतीत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात दरवर्षी होतातच. पाहुण्या पक्ष्यांची नोंद त्या टिपणीत एका ओळीने जरी आली, तरी नियम बदलण्याची वाट न पाहता पुष्कळ साधेल. आपण महाराष्ट्राबाहेर जेथे कोठे असाल, तेथील तळ्याची फाईल कोणत्या कार्यालयात आहे, एवढे या हिवाळ्यात जरूर विचारा.