बांबू वाकवणे (लहान पुलांसाठी)

सरळ वाढलेल्या बांबूला त्याचे तंतू न तोडता कायमचा बाक देण्याच्या क्रियेस बांबू वाकवणे असे म्हणतात. ओढे व नाले ओलांडण्यासाठी बांधलेल्या लहान पादचारी पुलांत अशा बांबूंची कमान वापरतात. कोकणातील पारंपरिक साकव बहुधा सरळ असतो. आडवे टाकलेले बांबू किंवा ओंडके माणसाच्या वजनाने मध्यभागी लवतात, त्यामुळे साकवाची लांबी मर्यादित राहते. कमानीत हेच वजन तंतूंच्या दिशेने दाबरूपाने दोन्ही काठांवरील आधारांकडे जाते. या दिशेने बांबू बळकट असतो, मात्र तो उभा सहज चिरतो. म्हणूनच वाकवताना पडलेली बारीकशी चीरही पुढे पुलास घातक ठरते.

बांबूची निवड

कोवळा बांबू चटकन वाकतो, परंतु वाळताना तो आक्रसतो व सुरकुततो. पुलासाठी साधारण तीन ते पाच वर्षांचा, पक्व पण नुकताच तोडलेला ओला बांबू घ्यावा. कोकणातील माणगा जवळजवळ भरीव असल्यामुळे बाकाच्या आतील बाजूस चेपत नाही. पातळ भिंतीचा पोकळ बांबू तेथेच दगा देतो.

उष्णतेने वाकवणे

तंतूंना एकत्र धरणारे लिग्निन सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडते आणि थंड होताना पुन्हा घट्ट होते. या गुणधर्मावर ही पद्धत आधारलेली आहे. पोकळ बांबू तापवण्यापूर्वी गाठींमधील पडदे लांब सळईने फोडावे लागतात. अन्यथा कोंडलेल्या वाफेने बांबू मोठा आवाज होऊन फुटतो. भिंत चेपू नये म्हणून काही कारागीर पोकळीत वाळू भरतात. ती पूर्ण कोरडी असावी लागते. बांबू आचेवर सतत फिरवत ठेवतात. साल काळी पडणे हे केवळ दिसण्यातील वैगुण्य नव्हे, कारण सर्वांत दाट व बळकट तंतू सालीलगतच असतात. तापलेला बांबू जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांमध्ये अडकवून ओल्या फडक्याने थंड करतात. सोडल्यावर तो थोडा मागे येतो, म्हणून बाक हवा त्यापेक्षा किंचित अधिक देतात.

पाचरीसारखे काप घेऊन वाकवण्याची रीत खुर्च्या-मेजांसाठी ठीक आहे. पुलाच्या भारवाही भागात ती वापरू नये. कापलेल्या जागी तंतू तुटलेले असतात.

कामट्यांची कमान

एकाच त्रिज्येच्या बाकात बाहेरच्या तंतूंवरील ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो. ८ सेंमी व्यासाचा अखंड बांबू ४ मीटर त्रिज्येत वाकवल्यास बाहेरचे तंतू सुमारे १ टक्का ताणले जातात. १ सेंमी जाडीच्या कामटीत हे प्रमाण केवळ ०.१२ टक्क्यांच्या आसपास राहते. त्यामुळे कामट्या आगीविना वाकतात. त्या थरांवर थर रचून, जोड एकासमोर एक येऊ न देता, ठरावीक अंतरावर आवळून बांधतात. बुरूड कारागिरांचे एकसारख्या कामट्या काढण्याचे कौशल्य येथे थेट उपयोगी पडते.

टिकाव

बांबू बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवल्यास कीड दूर राहते, मात्र ही द्रव्ये पावसात धुऊन जातात. कोलंबियातील बोगोटा येथे वास्तुविशारद सिमॉन वेलेझ यांनी २००३ मध्ये उभारलेल्या बांबूच्या पादचारी पुलावर छप्पर आहे, ते याच कारणासाठी. कमानीची टोके मातीत पुरत नाहीत. दगडी किंवा काँक्रीटच्या ओट्यावर, पाणी साचणार नाही अशा उंचीवर ती टेकवतात. हे ओटे कमानीचा बाहेरच्या दिशेचा रेटाही पेलतात.