लग्नाला एक सूर, मयताला दुसरा: सुपारी घेणाऱ्या पाइपरची गोष्ट

हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा कमी करा. आज विषय बॅगपाइपचा आहे, आणि या वाद्यालाच आवाज कमी करायची सोय नाही. खरंच नाही. पिशवीत हवा फुंकायची, ती काखेत धरून दाबत राहायची. खालच्या नळीवर, म्हणजे चाँटरवर, बोटं फिरतात आणि खांद्यावरचे तीन ड्रोन एकच सूर धरून बसतात. हळू वाजवणं नाही, मध्येच श्वास घ्यायला थांबणं नाही. सूर मोजून नऊ. एवढ्या भांडवलावर स्कॉटलंडमध्ये माणसं चारशेहून जास्त वर्षं लग्नांच्या सुपाऱ्या घेत आलीत.

त्यातला सगळ्यात प्रसिद्ध गडी म्हणजे किलबार्खन गावचा हॅबी सिम्पसन. हा 1620च्या सुमारास गेला. लग्न असो, घोड्यांची शर्यत असो की गावची जत्रा, हॅबी हजर. तो गेल्यावर रॉबर्ट सेम्पिलने त्याच्यावर एक विनोदी शोकगीत लिहिलं. आता आमच्याकडे कोण वाजवणार, असा त्याचा सूर. लग्नांमध्ये हॅबीने किती चिल्लर कमावली, हेसुद्धा त्यात आहे! गंमत म्हणजे त्या कडव्याच्या घाटालाच पुढे 'स्टँडर्ड हॅबी' नाव पडलं आणि रॉबर्ट बर्न्सने तो भरपूर वापरला. गावच्या मनोऱ्यावर आजही हॅबीचा पुतळा आहे. वाजंत्र्याचा पुतळा! आपल्याकडे सनईवाल्याचे असे किती पुतळे आहेत, आठवून बघा.

हॅबीच्या काळात 'पेनी वेडिंग' नावाची पद्धत होती. पाहुण्यांनी वर्गणी काढायची, त्यातून जेवण आणि पाइपरची बिदागी. चर्चला हा दंगा अजिबात आवडायचा नाही, त्यामुळे अशा लग्नांवर वारंवार बंधनं यायची. लोक तरीही नाचायचे.

आता गोष्ट जरा गंभीर होते. 1745च्या जॅकोबाइट उठावात जेम्स रीड नावाचा पाइपर पकडला गेला. 1746मध्ये यॉर्कला खटला चालला. त्याचं म्हणणं साधं होतं: मी हत्यार उचललंच नाही, मी फक्त वाजवत होतो. ज्युरीने दयेची शिफारसही केली. पण न्यायाधीश म्हणाले, हायलँडची पलटण पाइपरशिवाय कधीच चालत नाही, म्हणून पाइप हे युद्धाचं साधन. रीडला फाशी झाली. यावरून 'इंग्रजांनी बॅगपाइपवर बंदी घातली' ही कथा पसरली आणि ती आजही शेअर होत असते. प्रत्यक्षात 1746च्या कायद्यात हत्यारं आहेत, हायलँडचा पोशाख आहे, बॅगपाइपचं नाव कुठेच नाही. पण रीडच्या दृष्टीने त्या फरकाला काय किंमत होती, सांगा.

पुढे शंभर वर्षांच्या आत चक्र उलटं फिरलं. 1843मध्ये व्हिक्टोरिया राणीने अँगस मॅकायला स्वतःचा पाइपर नेमलं. ब्रिटिश पलटणींबरोबर हे वाद्य आपल्याकडेही आलं. गढवाल-कुमाऊँच्या वरातींमध्ये ते मशकबीन म्हणून आजही वाजतं.

हॉटेलांतलं काम मात्र बर्न्समुळे आलं. त्याच्या मित्रांनी 1801मध्ये ॲलोवेला त्याच्या आठवणीत जेवण ठेवलं, आणि त्यातून दर 25 जानेवारीची 'बर्न्स सपर' रुजली. पुढे पाइपर वाजवत चालतो, मागे आचारी हॅगिसचं ताट घेऊन. पाइपरला व्हिस्कीचा पेला मिळतो. बंद खोलीत पाइप ऐकणाऱ्यांनाही तो मिळायला हवा, असं माझं मत.

मयताच्या सुपारीचे नियम वेगळे. 'फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट' ही धून 1513च्या फ्लॉडनच्या लढाईत मेलेल्यांसाठीची. बरेच पाइपर ती अंत्यविधी आणि स्मरणसभा सोडून लोकांसमोर वाजवत नाहीत. रियाज करायचा तर घरी, दार लावून.

आणि आवाज कमी करण्याचा एक उपाय त्यांनी शोधलाय बरं का. 19 सप्टेंबर 2022, वेस्टमिन्स्टर ॲबी, एलिझाबेथ राणीचा अंत्यविधी. तिचा पाइपर पॉल बर्न्स 'स्लीप, डिअरी, स्लीप' वाजवत होता. वाजवता वाजवता तो वळला आणि चालत लांब गेला.