मठाचे शेतघर, शेतघराची कचेरी

दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात पुढे पुण्याच्या नगरपालिकेची कचेरी कित्येक वर्षे होती. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात कारकुनांची मेजे लागली याची हळहळ पुष्कळांस वाटली असेल. परंतु वाडा उभा राहिला. इंग्लंडातील मिल्टन कीन्स शहरात अशीच एक वास्तू आहे.

तिचे नाव ब्रॅडवेल अ‍ॅबी. नाव थोर असले तरी बेनेडिक्ट पंथाचा हा मठ लहानसाच होता. सुमारे 1154 साली वुल्व्हर्टनचा जहागीरदार मेनफेलिन याने तो स्थापिला, आणि 1524 च्या सुमारास कार्डिनल वुल्झीने ऑक्सफर्ड येथील आपल्या नव्या विद्यालयाच्या खर्चासाठी तो मोडला. भिक्षू गेले, मठाच्या भूमीवर शेती आली. मोठ्या प्रार्थनामंदिराचा शेतकऱ्यास उपयोग नव्हता. ते नाहीसे झाले. शेजारचे सेंट मेरीचे 14व्या शतकातील छोटे देवालय मात्र शेतीच्या कामी आले, म्हणूनच वाचले. त्याच्या भिंतींवर यात्रेकरूंची चित्रे आजही दिसतात. भक्तीने उभारलेले शेतकऱ्याच्या अडगळीने राखले, असेच म्हणावयाचे!

याच आवारातील शेतघर मुख्यतः 17व्या शतकातले आहे. अशा घरांच्या दगडी भिंती आपल्याकडील वाड्यांप्रमाणे चुन्यात बांधलेल्या असत. चुना ओल शोषतो आणि पुन्हा वाऱ्यावर सोडतो. म्हणून या भिंतींस सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते व दगड झिजू लागतो. त्यांस रोज उघडणाऱ्या खिडक्या हव्यात, थोडी ऊब हवी. बंद घराचे छप्पर एका ठिकाणी गळू लागले आणि कोणाच्या ध्यानात आले नाही, तर काही हिवाळ्यांतच तुळया कुजतात. कचेरीत बसणारा मनुष्य निदान गळणाऱ्या पाण्याखाली बादली तरी ठेवतो!

1838 साली लंडन–बर्मिंगहॅम लोहमार्ग या शेतवाडीच्या अगदी कडेने गेला. 1967 मध्ये नव्या शहराची घोषणा झाली, तेव्हा गावे आणि शेते त्याच्या पोटात आली. ब्रॅडवेलचे घर पाडले गेले नाही. 1970च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी तेथे ठाणे मांडले. पुढे मिल्टन कीन्स सिटी डिस्कव्हरी सेंटर या संस्थेचे कार्यालय आणि ग्रंथसंग्रह तेथे आला. ज्या नगरामुळे शेती गेली, त्याच नगराचे नकाशे शेतकऱ्याच्या घरात जपले गेले.

लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू ज्या डॉलिस हिल भागात आहे, तेथेही 1825 साली बांधलेले एक शेतघर होते. ग्लॅडस्टन तेथे वारंवार पाहुणा असे. 1900 च्या उन्हाळ्यात मार्क ट्वेनही तेथे राहिला. 1990च्या दशकात ते घर रिकामे पडले, आगींनी पोळले. ते वाचविण्यासाठी स्थानिक लोकांनी दीर्घकाळ खटपट केली. परंतु तेथे कायम राहावयास कोणी मिळाले नाही. 2012 च्या जानेवारीत ते पाडण्यात आले.