डेटाचे राखणदार : डीबीए या कामाचा इतिहास

आजचा विषय राजेरजवाड्यांचा नाही, एका नोकरीचा आहे. बँकेतली आपली शिल्लक, रेल्वेचं आरक्षण, दवाखान्यातला केसपेपर हे सगळं आज कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमध्ये असतं आणि त्याच्या किल्ल्या कुणाकडे तरी असतात. त्या माणसाला डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात, थोडक्यात डीबीए. ही नोकरी निर्माण का झाली आणि 'आता हिची गरज उरणार नाही' असं ऐकूनही टिकली का, एवढे दोनच प्रश्न आज आपण घेऊ.

सुरुवात १९६० च्या आसपासच्या अमेरिकेतून करावी लागते. तेव्हा प्रत्येक प्रोग्रॅमची फाईल वेगळी. पगाराच्या प्रोग्रॅमची टेप वेगळी, गोदामाच्या मालाची वेगळी. एकाच कामगाराचं नाव तीन ठिकाणी, आणि पत्ता बदलला तर तिन्ही ठिकाणी दुरुस्ती. डेटा प्रोग्रॅमच्या मालकीचा होता, त्यामुळे त्याला स्वतंत्र राखणदार लागतच नव्हता.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाकमन यांनी ही घडी बदलली. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी 'इंटिग्रेटेड डेटा स्टोअर' बांधलं. डेटा एकत्र ठेवायचा आणि अनेक प्रोग्रॅमनी तो वापरायचा, ही त्यामागची कल्पना. १९७३ साली ट्यूरिंग पुरस्कार घेताना त्यांनी कोपर्निकसचा दाखला दिला. पूर्वी संगणक मध्यभागी होता, आता डेटा मध्यभागी आला, असं त्यांचं म्हणणं. त्याच दशकात अपोलो कार्यक्रमातल्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांच्या सोबतीने आयएमएस ही प्रणाली तयार केली. १४ ऑगस्ट १९६८ ला कॅलिफोर्नियात रॉकवेलच्या टर्मिनलवर 'रेडी' हा शब्द उमटला आणि ती कामाला लागली.

आता गंमत बघा. वस्तू सामाईक झाली की भांडण आलंच. पगार विभागाला एक रचना हवी, गोदामाला दुसरी. शिवाय गोदामवाल्याने सगळ्यांचे पगार का पाहावेत? १९७१ साली कोडासिल समितीच्या डेटाबेस गटाने अहवाल दिला. त्यात संपूर्ण आराखड्याला 'स्कीमा' म्हटलं आणि एका प्रोग्रॅमला दिसेल तेवढ्या भागाला 'सबस्कीमा'. कुणाला किती दिसावं हे ठरवायला त्रयस्थ माणूस आलाच. १९७५ च्या अन्सी-स्पार्क अहवालात तर 'डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' ही भूमिका नाव घेऊन वेगळी मांडली आहे. म्हणजे हे पद यंत्र अवघड होतं म्हणून आलं नाही. डेटा सगळ्यांचा झाला, म्हणून आलं.

दरम्यान १९७० साली आयबीएमच्याच एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा निबंध आला. डेटा आत कसा साठवलाय हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज नसावी, तक्ते मांडावेत आणि काय हवं ते मागावं, असा त्यांचा आग्रह. त्यातून पुढे एसक्यूएल ही भाषा आली. मग डीबीएचं काम संपलं का? नाही, ते सरकलं. वापरणाऱ्यापासून जे लपवलं, ते कुणीतरी सांभाळायला हवंच होतं. इंडेक्स कुठे लावायचा, एखादी क्वेरी का रखडली, ही नवी कामं झाली.

अधिकारांचंही तसंच. १९७६ साली पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी हक्क देण्याची व काढून घेण्याची पद्धत मांडली. आज आम्ही रोज वापरतो त्या 'ग्रँट' आणि 'रिव्होक' या आज्ञांमागे तीच आहे. पण हत्यार असलं तरी ते चालवणारा लागतो. ओरॅकलसोबत येणाऱ्या नमुना खात्याचं नाव होतं 'स्कॉट' आणि पासवर्ड 'टायगर'. कंपनीतले सुरुवातीचे अभियंता ब्रूस स्कॉट आणि त्यांची मांजर! ही जोडी जगभर सगळ्यांना पाठ होती. ती बदलणं किंवा बंद करणं हे डीबीएचंच काम.

तिसरं काम परत मिळवण्याचं. डेटाबेस कोणताही बदल आधी लॉगमध्ये लिहितो, मग मूळ जागी. आपल्याकडे सातबारा थेट खोडून बदलत नाहीत. आधी गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंदवतात आणि तो मंजूर झाल्यावर सातबाऱ्यावर अंमल देतात. तत्त्व जवळपास तेच. वीज गेली, यंत्र बंद पडलं, तरी लॉगवरून हिशेब पुन्हा जुळवता येतो.

पण लॉग आणि बॅकअप आहेत एवढ्याने भागत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सेवेत दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा होता, तो रात्री चुकून मुख्य सर्व्हरवर पुसला गेला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. रोजचा बॅकअप आवृत्तींच्या घोळामुळे होतच नव्हता आणि तो फसल्याच्या ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हत्या. एकाने वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने प्रत काढली होती, तिने वाचवलं. मधल्या सहा तासांतल्या नोंदी मात्र गेल्या. ही सगळी हकिकत कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केली, म्हणून आज आपल्याला शिकता येते. ज्या बॅकअपवरून डेटा परत आणून पाहिलेला नाही, त्याला आम्ही बॅकअप धरत नाही.

त्याच वर्षी ओरॅकलने स्वतःच स्वतःला सांभाळणाऱ्या डेटाबेसची घोषणा केली. अशी यंत्रं आज आहेत आणि इंडेक्स लावणं, दुरुस्त्या बसवणं ती चांगलं करतात. त्याबद्दल तक्रार नाही. रात्रीची झोप आम्हालाही हवी असते. पण कोणाला काय दिसावं, काय किती वर्षं ठेवावं, चुकलं तर कुणाला विचारायचं, हे १९७१ चे प्रश्न तसेच आहेत. उलट आता त्या तक्त्यांत गोदामातला माल नाही, आपण आहोत. म्हणून पुढच्या वेळी कुणी 'सगळं सिस्टीम बघते' असं म्हणालं, तर त्या सिस्टीमच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, हे आपण जरूर विचारावं.

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ.