अरुंद घर, तीन पिढ्या: दुरुस्तीची सुरुवात जिन्यापासून का करावी?

पुण्याच्या कसबा, शनिवार, सदाशिव पेठांमध्ये दहा-बारा फूट रुंद आणि चाळीस फूट लांब अशी घरं आजही दिसतात. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडं एकाच छताखाली राहतात. अशा घराचं नूतनीकरण निघालं की आधी चर्चा होते ती टाइल्स आणि किचनची. पण आजीला माडीवरून रोज खाली येता येईल का, हे जिन्यावर ठरतं.

घरं इतकी अरुंद का?

अनेक वाड्यांच्या वारसांमध्ये वाटण्या झाल्या. रस्त्याकडची रुंदी विभागली गेली, लांबी तशीच राहिली. वाड्याचा चौक उजेड आणि वारा आत आणायचा. वाटणीनंतर बऱ्याच ठिकाणी त्यावर पत्रा पडला. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असल्याने तिथे खिडकी काढता येत नाही. उरतात तीन वाटा: पुढून, मागून आणि वरून.

जिन्याचं गणित

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरातल्या जिन्याची पायरी जास्तीत जास्त १९० मिमी उंच आणि किमान २५० मिमी रुंद असावी. मजला ३ मीटर उंच असेल तर १६ चढ लागतात. मध्ये मीटरभराचा टप्पा ठेवला, तर सरळ जिन्याला सुमारे १५ फूट लांबी हवी. जुने लाकडी जिने याहून खूप कमी जागेत बसवलेले असतात, म्हणूनच ते शिडीसारखे उभे वाटतात.

वळणाचा जिना अरुंद घराची बहुतेक रुंदी खातो. भिंतीलगतचा सरळ जिना बाजूने चालायला जागा ठेवतो. दोन्ही बाजूंना कठडा आणि वर-खाली दोन्हीकडून चालणारा दिवा हवाच.

उजेड कुठून आणायचा?

ढोबळमानाने, खिडकीच्या उंचीच्या दोन-अडीच पट अंतरापर्यंतच दिवसाचा उजेड पोहोचतो. त्यामुळे चाळीस फुटी घराचा मधला भाग अंधारातच राहतो. उपाय जुनाच आहे: चौक पुन्हा मोकळा करणं, किंवा जिन्यावरचं छत उघडून पारदर्शक पत्रा बसवणं. पत्रा थोडा उचलून बाजूंना फट ठेवली की गरम हवाही बाहेर जाते. व्हिएतनाममधल्या हनोईच्या जुन्या, लांबट घरांमध्येही मधल्या अंगणांचं काम हेच.

तळमजला कुणाचा?

खरा पेच इथे आहे. पुढची खोली अनेकदा दुकानाला भाड्याने दिलेली असते. ती सोडवली तर उत्पन्न जातं. ठेवली तर ज्येष्ठांना माडी चढावी लागते. अशा वेळी मागच्या भागात एक खोली आणि बाथरूम काढता येतं का, हे आधी पाहावं.

बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं. उंबरा नको, आणि आधाराचा दांडा पक्क्या भिंतीत हवा. वरच्या मजल्याचं बाथरूम त्याच्याच डोक्यावर घेतलं तर पाइप कमी लागतात आणि गळती शोधणं सोपं जातं.

तोडफोडीआधी काय तपासाल?

- सामाईक भिंत किंवा लाकडी तुळई काढण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची पाहणी. तुमची भिंत शेजाऱ्याचंही छत पेलत असू शकते.
- रंग, फरशीसारखी किरकोळ दुरुस्ती वेगळी. स्लॅब, जिना किंवा भिंती बदलायच्या असतील तर महापालिकेची परवानगी.
- शनिवारवाडा केंद्र संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. दुरुस्तीला आणि त्यापुढच्या २०० मीटरमधल्या बांधकामालाही वेगळी मंजुरी लागते.
- घर अनेकांच्या नावावर असेल तर सर्वांची लेखी संमती.

थोडक्यात

क्रम असा ठेवा: आधी इमारतीची मजबुती, मग जिना, उजेड आणि तळमजल्याचं बाथरूम, किचन आणि रंग शेवटी. छताचं काम जूनच्या आत उरका. बजेट मध्येच संपलं तर टाइल्स पुढच्या वर्षी बसवता येतात, पण चुकीच्या जागी बांधलेला जिना पुन्हा हलवणं अवघड असतं.