रायपूरचे यजमानपद

छत्तीसगडच्या राजधानीलगत, परसदा या गावाच्या शिवारात, २००८ साली क्रिकेटचे एक भव्य क्रीडांगण उभे राहिले आणि त्याला शहीद वीर नारायणसिंह यांचे नाव देण्यात आले. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपद मिळवू पाहणारे शहर आपल्या भूतकाळातून कोणाचे नाव निवडते, यावरून त्याची आकांक्षा कळते; त्या नावाशी ते कितपत इमान राखते, यावरून त्या आकांक्षेचे मोल ठरते. रायपूरच्या क्रीडाविषयक प्रयत्नांचा विचार या दोन्ही अंगांनी करणे अगत्याचे आहे.

मराठी वाचकाला हे शहर अगदीच परके नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८१८ नंतर अ‍ॅग्न्यू या इंग्रज अधिकाऱ्याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होताच हा मुलूख थेट इंग्रजी अमलाखाली गेला. पुढे मध्य प्रांत, आणि १९५६ नंतर भोपाळ ही राजधानी असलेले मध्य प्रदेश राज्य, अशी स्थित्यंतरे झाली. परंतु या प्रदेशाविषयीचे महत्त्वाचे निर्णय प्रदेशाबाहेरच होत राहिले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले, तेव्हा दीर्घकाळ दुसऱ्याच्या दरबारी हजेरी लावणाऱ्या या नगरीला प्रथमच स्वतःचा दरबार भरवायचा होता. नया रायपूर (२०१८ पासून अटलनगर) या नियोजित राजधानीच्या परिसरात मंत्रालयाच्या आधीच क्रीडांगण उभे राहिले, याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लागतो. जगाने आपल्याकडे पाहुणा म्हणून यावे, ही नव्या राज्याची स्वाभाविक इच्छा होती.

मात्र या प्रयत्नातील घटनांचा क्रम मोठा सूचक आहे. क्रीडांगण २००८ मध्ये तयार झाले. २०१३ मध्ये तेथे इंडियन प्रीमियर लीगचे सामने झाले, ते दिल्लीच्या संघाचे ‘घरचे’ सामने म्हणून. २०१४ मध्ये चॅम्पियन्स लीगचेही सामने झाले. छत्तीसगडच्या क्रिकेट संघटनेला नियामक मंडळाचे पूर्ण सदस्यत्व मिळाले ते २०१६ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या हंगामात राज्याचा संघ प्रथमच रणजी करंडक स्पर्धेत उतरला. पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना व्हायला २१ जानेवारी २०२३ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी न्यूझीलंडचा डाव १०८ धावांत आटोपला आणि भारताने आठ गडी राखून विजय मिळविला. म्हणजे प्रथम मांडव उभारला गेला, मग पाहुणे आले आणि घरचा संघ त्यानंतर घडला. याला दोष म्हणण्याची घाई करू नये. मांडव नसता तर संघालाही इतक्या लवकर मान्यता मिळाली नसती, असा युक्तिवाद करता येतो. तथापि वास्तू आधी आणि परंपरा नंतर, हा क्रम जोखमीचा असतो, एवढे खरे.

हॉकीच्या बाबतीत याच भूमीने नेमका उलटा क्रम अनुभवला आहे. लेस्ली क्लॉडियस यांचा जन्म १९२७ मध्ये बिलासपूरचा. १९४८, १९५२ व १९५६ या तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण आणि १९६० मध्ये रौप्य पदक मिळविणाऱ्या या खेळाडूचे जन्मगाव हे रेल्वेच्या वसाहतींचे गाव होते. बैरागी महंतांचे संस्थान असलेल्या राजनांदगावात महंत राजा सर्वेश्वरदास यांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या स्पर्धेने पिढ्यान्‌पिढ्या हॉकीची आवड जोपासली. २००२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघातील सबा अंजुम दुर्गच्या. त्यामुळे २७ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर २०१५ या काळात रायपूरच्या सरदार वल्लभभाई पटेल क्रीडांगणावर हॉकी वर्ल्ड लीगची अंतिम फेरी भरली, तेव्हा मांडवाखालची जमीन आधीच कसलेली होती. ऑस्ट्रेलियाने ती स्पर्धा जिंकली. कांस्यपदकाच्या लढतीत भारताने नेदरलँड्सशी ५-५ अशी बरोबरी साधून शूटआउटमध्ये ३-२ असा विजय मिळविला. १९८२ च्या चॅम्पियन्स करंडकानंतर आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या प्रमुख स्पर्धेत भारताला मिळालेले हे पहिले पदक. ते रायपुरात मिळावे, यात योगायोग असेल. पण रायपूरच्या परिसरात हॉकी असणे हा योगायोग नव्हता.

यजमानपदाची खरी कसोटी पाहुणे परतल्यावर लागते, हे महाराष्ट्राच्या अनुभवावरूनही दिसते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी पुण्याजवळ बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभारण्यात आली. चौदा वर्षांनी, २००८ मध्ये, राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा तेथेच भरली आणि २०१८ पासून काही वर्षे पुरुषांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धाही तेथे झाली. एका निमित्ताने बांधलेली वास्तू दुसऱ्या निमित्तास उपयोगी पडली. दिल्लीत १९८२ च्या आशियाई स्पर्धेसाठी उभारलेले जवाहरलाल नेहरू क्रीडांगण २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी नव्याने सजवावे लागले. वास्तूला वापराइतकीच देखभालीचीही तरतूद लागते, हा यातील बोध आहे.

रायपुरात या तरतुदीचा प्रश्न उघड्यावर आला तो १ डिसेंबर २०२३ रोजी. त्या दिवशी भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात वीस षटकांचा सामना व्हायचा होता. क्रीडांगणाचे तीन कोटींहून अधिक रुपयांचे वीजबिल अनेक वर्षे थकल्यामुळे कायमची वीजजोडणी तोडण्यात आली आहे आणि प्रकाशझोतांचे दिवे जनित्रांवर चालवावे लागणार आहेत, असे वृत्त वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. देखभाल बांधकाम खात्याकडे आणि इतर खर्च क्रीडा खात्याकडे, अशा वाटणीत थकबाकीचा भार कोणी उचलावा, याचा निर्णय रेंगाळला होता. सामना झाला, भारताने तो वीस धावांनी जिंकला आणि प्रेक्षक घरी गेले. पण पाहुण्यांसाठी उसना प्रकाश आणणारे घर एरवी अंधारात असते, ही जाणीव मागे उरली.

या ठिकाणी क्रीडांगणाच्या नावाकडे पुन्हा वळावे लागते. नारायणसिंह हे सोनाखानचे बिंझवार जमीनदार. १८५६ च्या दुष्काळात रयत उपाशी असताना त्यांनी एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून धान्य लोकांत वाटले. इंग्रज सरकारने त्यांना कैद केले; ते रायपूरच्या तुरुंगातून निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरातच फासावर चढविले गेले. ती जागा म्हणजे आजचा जयस्तंभ चौक, असे परंपरेने मानले जाते. कोठार भरलेले असूनही ते गरजवंताला बंद असावे, हे ज्याला सहन झाले नाही, अशा पुरुषाचे नाव या वास्तूने धारण केले आहे.

क्रीडांगण हेही एक प्रकारचे कोठारच होय. त्यात हिरवळ, प्रकाश, प्रशिक्षण आणि संधी साठविलेली असते. वर्षातील एखाद-दुसऱ्या सामन्यापुरते ते उघडले, तर जगाला रायपूरचे दर्शन घडेल. परंतु बस्तरच्या किंवा सरगुजाच्या मुलाला त्याचा लाभ होणार नाही. बिलासपूर, राजनांदगाव आणि दुर्ग यांनी मोठा मांडव नसतानाही खेळाडू दिले. मांडव असलेल्या रायपूरकडून आता त्याहून अधिकाची अपेक्षा आहे. पुढील स्पर्धेच्या आराखड्यात आसनांची संख्या आणि रस्त्यांची रुंदी यांच्याबरोबर स्पर्धेनंतरच्या दिवसांचा हिशेबही मांडला गेला, तर सोनाखानच्या त्या जमीनदाराचे नाव प्रवेशद्वारावर शोभून दिसेल.